म्हातारीच्या चादरीखालचे सात जण

तेहरान, ४ फर्वर्दीन

साडूश्रेष्ठ नूरअली खान यांच्या उंबरठ्यावरील धुळीस सादर,

नवरोजच्या दुसऱ्या दिवशी आम्ही सहकुटुंब आपल्या चेश्मेसर गावी उपस्थित झालो, आपल्या समावरातील चहा प्राशन केला, आपल्या कळपातील एका मेंढीचा बराचसा अंश उदरस्थ केला आणि मिनिबसने तेहरानास सुखरूप परतलो. इथवर इतिहास निर्विवाद आहे. वाद आहे तो आपल्या गच्चीच्या जिन्याविषयी.

त्या जिन्यास पायऱ्या अकरा. सातव्या पायरीवर मी क्षणभर थांबलो तो केवळ सृष्टिसौंदर्याच्या अवलोकनार्थ. आपण मात्र सगळ्या मंडळींसमक्ष गर्जना केलीत, "तूबा, मनूचेहर खानांना खुर्ची आण गं, दफ्तरखाना बंद पडला!" हशा झाला. माझी पत्नी अकदस ही आपल्या पत्नीची, तूबा खानमची, सख्खी थोरली बहीण. तेव्हा या प्रसंगी ती निदान तटस्थ राहील अशी माझी अपेक्षा होती. सर्वांत मोठ्याने तीच हसली.

नूरअली खान, एकतीस वर्षे मी सरकारी दफ्तरखान्याची सेवा केली आहे. पैकी अखेरची नऊ उपप्रमुख या नात्याने. ज्या पुरुषाने वरिष्ठांच्या पायऱ्या एवढी वर्षे झिजवल्या, त्यास अकरा पायऱ्यांचे भय ते काय? शिवाय, आपणांस ज्ञात नसेल, मी गेल्या हिवाळ्यापासून 'निवृत्त कर्मचारी पर्वतारोहण मंडळा'चा संस्थापक अध्यक्ष आहे. मंडळाने आजवर एक टेकडी पूर्णतः आणि दुसरी तिच्या पायथ्याच्या चहाघरापर्यंत सर केलेली आहे.

म्हणून ही प्रतिज्ञा. येत्या तेरा फर्वर्दीनला, नवरोजच्या तेराव्या दिवशी, ज्या दिवशी तेराची अवदसा घरावर बसू नये म्हणून कोणताही शहाणा माणूस छपराखाली राहत नाही, त्या दिवशी आम्ही सात जण आपल्याकडे येऊ. मी, माझी कन्या शोकूह आणि मंडळाचे पाच सभासद. मिनिबसने नव्हे. पलीकडच्या खोऱ्यातून, पायी, खिंड ओलांडून, 'म्हातारीची चादर' म्हणतात त्या उतारावरून थेट आपल्या कुरणात अवतरण करू. आपण पायथ्याशी समावर पेटवून उभे राहावे. खुर्ची आणू नये.

आपल्यावरून जीव ओवाळून टाकणारा,
मनूचेहर कलांतरी

*

चेश्मेसर, ६ फर्वर्दीन

विद्वन्मुकुटमणी मनूचेहर खान यांच्या तेजस्वी सेवेशी,

शब्द नूरअली खानांचे, लेखणी मिर्झा हबीबची. आपणांस विदितच आहे की नूरअली खानांना अक्षरे ओळखता येतात, परंतु लिहिण्याचा प्रसंग आला की ते लेखणी काठीसारखी धरतात आणि कागद मेंढीसारखा दाबतात. सबब, कचेरीच्या दारात चाळीस वर्षे अर्जनवीस म्हणून झिजलेल्या या सेवकाकडे ते येतात. आमच्या दुकानातला, म्हणजे गावातला एकुलता एक, दूरध्वनी नवरोजच्या सुट्टीत मौनव्रत पाळत असल्यामुळे हे पत्र मिनिबसचा चालक सफर आगा याच्या हाती देत आहे. तो सकाळी उतरतो, संध्याकाळी चढतो; डाकखात्यापेक्षा जलद आणि डाकखात्यापेक्षा जास्त गप्पिष्ट.

नूरअली खान म्हणतात: अवश्य या. आमचे डोळे आपल्या पायघड्या. तूबा खानम कडधान्यांची दाट आश शिजवतील, कबाब मी स्वतः भाजीन. फक्त दोन गोष्टी. पहिली, जाड कपडे आणा, म्हातारीची थंडी, ही जाता जाता पडणारी शेवटची थंडी, अजून उरकलेली दिसत नाही. पश्चिमेला आभाळ शिशासारखं झालंय. दुसरी, पहाटे निघा. नऊच्या आत चादर उतरून खाली या.

आणि खुर्ची आणणार नाही म्हणतात, खाट आणतील.

आपला प्राणार्पणोत्सुक,
नूरअली (द्वारा मिर्झा हबीब)

*

तेहरान, ८ फर्वर्दीन

साडूश्रेष्ठ,

काय हे दैवी औदार्य! परवापासून दोन दिवस अहोरात्र हिमवर्षाव झाला. आमच्या गल्लीतील चिनारांना नुकती पालवी फुटली होती. त्या कोवळ्या पानांवर आता वीतभर बर्फ बसले आहे. वृक्षांचा चेहरा, नव्या अंगरख्यावर दही सांडलेल्या मनुष्याप्रमाणे झाला आहे. इथे वीतभर, तर आपल्याकडे पुरुषभर असणार. मंडळाच्या तातडीच्या बैठकीत या घटनेचे टाळ्यांच्या गजरात स्वागत झाले. कोरड्या डोंगरावरून कोणीही येईल. शुभ्र हिमावरून येण्यात काही वेगळीच भव्यता आहे.

बैठकीत आमचे कोषाध्यक्ष, जे पूर्वी पाणीपुरवठ्यात अभियंता होते, त्यांनी नभोवाणीचा हवाला देऊन सांगितले की अकरापासून स्वच्छ, कडक ऊन पडणार आहे. वादळ गेले, ऊन आले, म्हणजे संकट टळले. याहून सोपे गणित दफ्तरखान्यातही नव्हते. पहाटे निघण्याची आपली सूचना बैठकीपुढे ठेवली. परंतु पलीकडच्या खोऱ्यातील डोके-पायांचा रस्सा तेरा कोसांत प्रसिद्ध आहे आणि तो सेवन केल्यावाचून निघणे हा यजमान खोऱ्याचा अपमान ठरेल असे चार विरुद्ध दोन मतांनी ठरले. (शोकूहला मताधिकार नाही. तिने तो मागितला होता.) तेव्हा नऊला निघू, साडेअकराला खिंडीत, मध्यान्ही आपल्या समावरापाशी.

सामग्री: दोर एक, शिट्टी एक, केक दोन, नवरोजचे हिरवे अंकुर वाहत्या पाण्यात सोडण्यासाठी आपल्या ओढ्याची परवानगी एक.

आपल्यावरून ओवाळलेला,
मनूचेहर

*

चेश्मेसर, १० फर्वर्दीन

विद्वन्मुकुटमणी,

आपले पत्र मी नूरअली खानांना वाचून दाखवले. 'मध्यान्ही' हा शब्द ऐकताच ते उठून उभे राहिले, यावरून आपल्याविषयीचा त्यांचा आदर लक्षात यावा.

नूरअली खान निवेदन करतात की आपल्या पावलांनी आमचे डोळे तुडवावेत हीच या घराची नित्य प्रार्थना. तथापि आमची क्षुद्र खिंड सांप्रत आपल्यासारख्यांच्या पदस्पर्शास पात्र राहिलेली नाही. नवरोजच्या उन्हाने जुने हिम वितळून त्यावर काचेचे आसन तयार झाले. त्या आसनावर निसर्गाने साखर पसरली. साखरेवर वादळाने कंबरभर जाडीची शुभ्र रजई अंथरली. पश्चिमेच्या वाऱ्याने कड्यापलीकडचे हिमही झाडून आणून आमच्याच बाजूस, म्हातारीच्या चादरीवर, रचून ठेवले. आता ती रजई, दिवाकराच्या किरणांनी ओथंबून, अंथरुणावरून घसरण्यास केवळ उत्सुक आहे. नूरअली खान काल काठाने वर जाऊन आले. एक पाऊल टाकताच चादरीने पोटातून 'हुंम' असा निःश्वास सोडला आणि त्यांच्या बुटापासून एक रेघ चाळीस पावले पुढे धावत गेली, जणू अतिथींच्या स्वागताचा आलेखच.

(हे सांगताना नूरअली खानांनी दोनदा जमिनीवर मूठ आपटली. स्नेहाचा असा आवेग आजकाल विरळा. मध्येच ते म्हणाले, "मिर्झा, साखर कमी घाल." त्यांच्या चहात मी साखर घातलीच नव्हती.)

तरी आपण हे कष्ट घेऊ नयेत. आम्ही आपल्या योग्यतेचे नाही. आमची खिंडही नाही.

आपल्या पाऊलखुणांचा भुकेला,
नूरअली (द्वारा मिर्झा हबीब)

*

तेहरान, ११ फर्वर्दीन

प्रिय नूरअली खान,

आपले पत्र मी चार वेळा वाचले, मंडळाने एकदा सामुदायिक वाचन केले आणि अकदसने ते शोकूहकडून वाचून घेतले. तात्पर्याविषयी एकवाक्यता होत नाही.

पहिल्या पत्रात 'अवश्य या', दुसऱ्यात 'कष्ट घेऊ नयेत'. मधल्या चार दिवसांत काय घडले? बर्फ पडले. पण बर्फ तर निमंत्रणाला शोभा आणते. कोषाध्यक्षांचे मत असे की हा शुद्ध तआरोफ होय: कुलीन यजमान स्वतःच्या घरास झोपडी म्हणतो, भोजनास भाकरतुकडा म्हणतो, तसा आपण डोंगरास अपात्र म्हणत आहात. आणि तआरोफाचा पहिला नकार गंभीरपणे घेणारा मनुष्य भुकेला मरतो. काच, साखर, रजई ही उपमामाला मला स्वतःला अतिशय आवडली. 'घसरण्यास उत्सुक' हे तर केवळ अप्रतिम. मी ते वहीत उतरवून घेतले आहे.

अकदसचा तर्क निराळा. तिच्या मते आपण रागावला आहात. दुसऱ्या दिवशी निघताना आपण पिशवीत भरलेले अक्रोड तिने तीनदा 'नको' म्हणून चौथ्यांदा घेतले. तूबा खानमने म्हणे तिसऱ्याच नकाराला पिशवी मागे ओढली होती. आता यात चूक कोणाची, यावर इथे दोन दिवस चर्चा चालू आहे. मला काहीच समजेनासे झाले आहे. आपण नको म्हणता ते या असे आहे, की नको असे आहे, की या म्हटले होते तेच नको असे होते?

शोकूह म्हणाली, "बाबा, काका खरंच नको म्हणतायत असं नाही वाटत?"

मी तिला समजावले, "मुली, त्यांना खरोखर नको म्हणायचे असते तर त्यांनी 'अवश्य या' म्हटले असते."

"पण आधी तेच म्हटलं होतं ना!"

इथे मी चहा मागवला.

असो. मी पद्धतीस अनुसरून आपला नकार विनम्रपणे अमान्य करतो. दुसरा नकार पाठवायचा असल्यास अवश्य पाठवावा, तोही अमान्य करीन. तिसऱ्यास वेळ उरणार नाही, कारण उद्या दुपारी आम्ही सात जण पलीकडच्या खोऱ्याकडे प्रस्थान ठेवत आहोत. ऊन, नभोवाणीने वचन दिल्याप्रमाणे, कडक आहे. समावर विसरू नये.

आपलाच,
मनूचेहर

*

(चौकटीच्या वहीतून फाडलेला कागद, लवाश रोटीत गुंडाळून आलेला. शिसपेन. तारीख नाही.)

मनूचेहर

येऊ नको. माझ्या दारात पाय ठेवलास तर कुत्रा सोडीन.
साडू हे काय नातं आहे? तू माझा कोणी नाही.
तेराव्याला पोरीला घेऊन घरात बस.

नूरअली

*

तेहरान, १२ फर्वर्दीन

श्री. नूरअली यांस,

आपला लेख सफर आगाच्या हस्ते आज मध्यान्ही, आमचे प्रस्थान अवघ्या एका तासावर असताना, प्राप्त झाला. मिर्झा हबीबांच्या सुवर्णलेखणीवाचून आपले अंतरंग कसे दिसते हे पाहण्याचा योग प्रथमच आला. व्याकरणदृष्ट्या लेख निर्दोष आहे. तेवढे एकच त्याच्याविषयी बरे बोलता येईल.

मी बावीस वर्षे आपणांस साडू म्हणत आलो. लोक म्हणतात, जगातील सर्व नाती देवाने केली आणि साडूचे नाते उरलेल्या चिखलातून झाले. मी ते थट्टेवारी नेत आलो. आपण त्या थट्टेवर स्वाक्षरी केलीत. कुत्र्याचे मी समजू शकतो. कुत्रा आपल्याकडे आहे, तो सोडणे आपल्या अधिकारात येते. परंतु तेराव्या दिवशी मला आणि माझ्या एकुलत्या एक कन्येला घरात बसायला सांगता? वर्षातील ज्या एका दिवशी वैऱ्याच्या म्हातारीलाही लोक हात धरून अंगणात नेऊन बसवतात, त्या दिवशी माझ्या छपरावर तेराची अवदसा बसावी, ही आपली इच्छा? असा शाप माझ्या एकतीस वर्षांच्या सेवेत एकाही वरिष्ठाने दिला नाही, आणि त्यांत काही फार प्रतिभावान होते.

अकदस रडत आहे. ती म्हणते अक्रोडांसाठी कोणी एवढे करत नाही, यामागे दुसरे काही आहे. काय, ते तिला सांगता येत नाही, मलाही नाही. मी कागद उजेडात धरून पाहिला, उलटा धरून पाहिला. शिसपेनाचे टोक दोन ठिकाणी कागदातून आरपार गेले आहे. एवढा द्वेष कुठे साठवला होता?

मंडळास मी सांगितले की माझा पाय मुरगळला. अध्यक्षाविना मोहीम नाही, म्हणून मोहीम रद्द. खरे कारण सांगण्याइतका मी अजून पर्वतारोही झालेलो नाही.

सफर आगा उद्या आपल्या लेकीकडे तेरावा साजरा करणार असल्यामुळे मिनिबस परवाच वर जाईल. हरकत नाही. हा संताप दोन दिवसांत शिळा होणारा नव्हे.

आपला कोणीही नसलेला,
मनूचेहर कलांतरी

ता. क. १३ फर्वर्दीन, संध्याकाळ. आपल्या माहितीसाठी: आम्ही घरात बसलो नाही. मी, अकदस, शोकूह आणि मंडळाचे पाचही सभासद दिवसभर शहरातील उद्यानात होतो. लंगडण्याचा अभिनय मी आठही तास केला. सिरक्यात बुडवून लेट्यूस खाल्ले. अंकुर कालव्यात सोडले. शोकूहने गवताला गाठ मारली आणि काय मागितले ते सांगितले नाही. दुपारी बारा वाजता, का कोण जाणे, सर्वांनी उत्तरेकडे डोंगरांकडे पाहिले. फार सुंदर दिसत होते. मला एक घासही गोड लागला नाही.

*

चेश्मेसर, १५ फर्वर्दीन

मनूचेहर,

हे मी बोलतोय आणि मिर्झा लिहितोय. त्याला सांगितलंय, मी बोलीन तेवढंच लिही, एक शब्द जरी सजवलास तर उरलेल्या पायाने लाथ मारीन. तो मान खाली घालून लिहितोय.

माझा उजवा पाय मांडीत मोडलाय. बाकी ठीक आहे. कसा मोडला ते ऐक.

तुझं अकरा तारखेचं पत्र मिर्झाने वाचलं. "नकार अमान्य करतो," हे ऐकून मी त्याला विचारलं, "मिर्झा, मी सांगितलं होतं की बर्फ खाली येणार, माणसं मरतील. तू काय लिहिलंस?" त्याने नक्कल काढून वाचून दाखवली. रजई. उत्सुक. मी म्हटलं, "अरे मूर्खा, 'मरतील' कुठंय?" तो म्हणतो, "अतिथीला मृत्यूचा उल्लेख करणं शोभत नाही, आगा." चाळीस वर्षं लोकांचे अर्ज लिहून याला सरळ वाक्य विसरायला झालंय.

मग मी विचार केला. बर्फाची भीती घालून तू थांबणार नाहीस. भीती घातली की तू जास्तच येशील, जिन्याच्या पायरीचं तुझ्या डोक्यात बसलंय. चूक माझीच, मी हसलो होतो. थांबशील तर अपमानानेच. म्हणून मिर्झाच्या बोरूने नाही, माझ्या शिसपेनाने लिहिलं. तूबाने वाचलं आणि मला म्हणाली, "आता अकदस जन्मभर माझ्याशी बोलणार नाही." मी म्हटलं, "जन्मभर म्हणजे जिवंत राहूनच ना?"

पण कागद पोचला का, तू वाचलास का, वाचूनही 'हाही तआरोफच' म्हणालास का, कसं कळणार? सफर खालीच राहिला. फोन बंद. तेराव्याला सकाळी मी तूबाची लाल शाल घेतली आणि चादरीच्या कडेच्या दगडी धारेवर जाऊन बसलो. तिथे बर्फ टिकत नाही, तिथून खिंड दिसते. म्हटलं, दिसलात तर शाल हलवून मागे फिरवीन.

ऊन असं होतं की डोळ्यांतून पाणी गळत होतं. साडेअकराला खिंडीत काळे ठिपके दिसले. मोजले. सात. पुन्हा मोजले. सात. पुढचा एक जरा जाडा होता, मनूचेहर, रागावू नको. ठिपके चादरीवर उतरायला लागले. मी ओरडलो, शाल हलवली. ते थांबेनात. मग मी जे बावीस वर्षं पोरांना करू नका म्हणून सांगतो तेच केलं. धार सोडून चादरीवर पळालो.

दहा पावलं गेलो असेन. 'हुंम' झालं. मग माझ्या वरच्या बाजूला बर्फात कोणी सुरीने कापावं तशी रेघ उमटली, या टोकापासून त्या टोकापर्यंत, आणि सगळी चादर जागेवरून हलली. आवाज नंतर आला. आत काळं होतं. छाती हलवता येत नव्हती. मला एवढंच वाटत होतं, पोरगी कुठल्या बाजूला असेल?

कुरणातली मंडळी आश टाकून धावली. माझा एक हात वर राहिला होता, त्यात शाल. म्हणून तासाच्या आत काढलं. तोंडातलं बर्फ निघाल्यावर पहिला शब्द बोललो तो "सात". वर सात जण होते. मग शुद्ध गेली.

आता पुढचं मिर्झा सांगू दे. मी तेव्हा खाटेवर होतो.

मिर्झा लिहितो: आम्ही खणले. फावडी, ताटे, झाकणे, तंबूचे खांब, जे हाती आले त्याने. लांब काठ्या बर्फात खुपसत, एकमेकांच्या खांद्याला खांदा लावून, चादरीच्या पायथ्यापासून वर. अंधार पडेपर्यंत खणले. चौदाव्याला उजाडताच पुन्हा खणले. कोणाच्या काठीला दगड लागला की सगळे धावायचे. तूबा खानमच्या बोटांना जखमा झाल्या. ती दर थोड्या वेळाने हाक मारायची, "शोकूह! मनूचेहर खान!" आणि सगळे गप्प राहून ऐकायचे. मी खणताना एकच गोष्ट मनात घोकत होतो, की 'उत्सुक' हा शब्द मी लिहिला होता.

दहा वाजता सफर आगाची मिनिबस आली. तो पाकीट नाचवत बर्फावर चढून आला आणि म्हणाला, "तेहरानच्या आगांचं पत्र. आज पहाटे स्वतः गराजवर आणून दिलं. लंगडत होते."

कोणालाच अर्थ लागेना. "कोण लंगडत होतं?" "मनूचेहर खान." "कधी?" "आज." "कोणत्या गावात?" सफरला वाटले आम्ही त्याची चेष्टा करतो आहोत. तूबा खानमने पाकीट फोडले आणि माझ्या हातात दिले. मी तिथेच, ढिगावर उभा राहून, सगळ्या गावासमोर मोठ्याने वाचले. 'श्री. नूरअली यांस' पासून. 'उरलेल्या चिखलातून' आले तेव्हा कोणी तरी हसले. 'तेराची अवदसा' आले तेव्हा बायका रडू लागल्या. 'आपला कोणीही नसलेला' म्हटल्यावर तूबा खानमने माझ्या हातातून कागद ओढून घेऊन कपाळाला लावला. ताजा कलम मी तीनदा वाचला. लोकांनी मागणी केली. मी आयुष्यात हजारो पत्रे वाचून दाखवली. शिव्यांसाठी कोणी पुन्हा वाचा म्हटले नव्हते.

मग मी धावत नूरअलींकडे गेलो आणि त्यांना वाचून दाखवले. ते ऐकत राहिले. मग म्हणाले, "किती छान लिहितो रे हा."

आता पुन्हा मी बोलतो, नूरअली. ते सात कोण होते मला अजून कळलेलं नाही. गावातले म्हणतात रानबकऱ्या. धारेपलीकडे खुरांचे माग आहेत म्हणतात. असतील. पण मी मोजले होते रे. जाडा पुढे होता. रोज डोळे मिटले की ते उतरताना दिसतात आणि मी ओरडतो ते त्यांना ऐकू जात नाही. तू लवकर ये आणि मला एकदा दिस. रस्त्याने ये, मिनिबसने. हा तआरोफ नाही. मिर्झाला मी हे वाक्य दोनदा वाचायला लावलं.

नूरअली

*

तेहरान, १६ फर्वर्दीन

नूरअली,

तुझं पत्र आत्ता मिळालं. वाचून मी जिन्यात बसलो. कितव्या पायरीवर ते विचारू नकोस.

उद्या संध्याकाळच्या मिनिबसने येतो. मी, अकदस, शोकूह. पहिल्या बाकावर बसू म्हणजे खिडकीतून तुला लांबूनच दिसू. शोकूह तुझ्यासाठी कुबड्या घेऊन येते आहे. अकदस पिशवी भरते आहे.

कुत्रा बांधून ठेव किंवा सोड, मी आत येणार आहे. चहा तयार ठेव. तू दिलास की मी पहिल्यांदाच घेईन.

मनूचेहर